दाद आणि शजरा

उर्दूत ‘दाद’ हा शब्द दोन ठिकाणांहून आला आहे. मुशायऱ्यात शायराला मिळते ती दाद फारसीतून आली. तिचा मूळ अर्थ इन्साफ. मराठीत आपण ‘दाद मागतो’, ‘दाद लागू देत नाही’, ती हीच. दुसरी दाद संस्कृतातल्या ‘दद्रू’वरून आली आणि ती माणसाच्या मांडीवर, कमरेवर, मानेवर बसते. मराठीत तिला गजकर्ण म्हणतात, कुठे नायटा म्हणतात. आमच्या उर्दू शाळेत जून-जुलैच्या ओलीत ही दुसरी दाद एका बाकावरून दुसऱ्या बाकावर जाते. घरात टॉवेल एक, कंगवा एक, भावाभावांत टोपी एक. मूल वर्गात खाजवू लागले की शेजारचे सरकून बसते आणि कोणीतरी मोठ्याने म्हणते, “याच्या घरात पाकी-सफाई नाही.”

हे वाक्य फार जुने आहे. या लेखात आम्ही त्याच वाक्याचा इतिहास सांगणार आहोत, आणि त्याबरोबर अशा काही खानदानांचा, ज्यांच्या अंगावरची दाद कातडीवर थांबली नाही. ती गाठींत उतरली आणि क्वचित कोणाच्या मेंदूपर्यंत पोचली. ही खानदाने अल्जीरिया, ट्युनिशिया, मोरोक्को आणि इराण या देशांतली. त्यांना त्यांची दाद लागायला, म्हणजे पहिल्या अर्थाची दाद, पन्नास वर्षांहून अधिक काळ जावा लागला.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर हा अंक हाती पडताच एखादी आई आपल्या मुलाला घेऊन मेंदूच्या डॉक्टरकडे धावेल. साधे गजकर्ण मेंदूत जात नाही. ज्या बुरशीमुळे ते होते, ती केराटिन नावाच्या द्रव्यावर जगते. कातडीचा सर्वांत वरचा मेलेला थर, केस आणि नखे यांत हे द्रव्य असते. त्याच्या खाली जिवंत कातडी लागली की बुरशीला शरीराच्या पहारेकऱ्यांशी गाठ घ्यावी लागते आणि तिथे ती हरते. जगात कोट्यवधी लोकांना ही बुरशी होते आणि जवळपास सगळ्यांच्या बाबतीत ती उंबऱ्यावरच थांबते. अडचण येते ती उंबऱ्यावरचा पहारेकरीच नसेल तेव्हा.

यूनानी तिब्बमध्ये या रोगाची दखल फार पूर्वीच घेतली गेली होती. अंगावरच्या दादेला हकीम ‘क़ूबा’ म्हणत आणि डोक्यावरच्या खवड्यांना ‘सअफा’. लक्षणे त्यांनी बारकाईने लिहिली, लेप सांगितले. कारण मात्र त्यांनी खिल्तांच्या बिघाडात शोधले. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. सूक्ष्मदर्शक नसताना बुरशी दिसणार कशी?

ती दिसली एकोणिसाव्या शतकात, आणि तिचा पहिला धागा रेशमाच्या किड्याने दिला. इटलीत आगोस्तिनो बास्सी यांनी १८३५ मध्ये दाखवून दिले की रेशमाच्या किड्यांना मारणारा रोग एका बुरशीमुळे होतो. जिवंत प्राण्याचा रोग दुसऱ्या सूक्ष्म जिवामुळे होतो, हे सांगणारा हा पहिला भक्कम पुरावा. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३७ मध्ये, बर्लिनमध्ये शिकणाऱ्या रॉबर्ट रेमाक या तरुणाला खवड्यांच्या पिवळ्या खपलीत सूक्ष्मदर्शकाखाली गोल दाणे आणि फांद्यांसारखे धागे दिसले. १८३९ मध्ये योहान शोनलाइन यांनी ती बुरशी असल्याचे ओळखले. पॅरिसमध्ये डेव्हिड ग्रुबी यांनी याच सुमारास स्वतंत्रपणे हीच वाट चोखाळली. रेमाक यांनी पुढे ती बुरशी सफरचंदाच्या कापावर वाढवली आणि १८४२ मध्ये स्वतःच्या हातावर लावून स्वतःला हा रोग करून घेतला. माणसाचा रोग बुरशीमुळे होतो हे असे सिद्ध झाले.

रेमाक यांच्याविषयी दोन शब्द अधिक लिहावेत असे आम्हाला वाटते. ज्या दिवसांत ते खपल्या तपासत होते, त्याच दिवसांत ते मज्जातंतूही तपासत होते. ज्या मज्जातंतूंवर चरबीचे वेष्टण नसते, ते प्रथम त्यांनीच १८३८ मध्ये नीट दाखवले. आजही त्या तंतूंना त्यांचे नाव आहे. कातडीवरची बुरशी आणि मज्जासंस्था ही दोन्ही एकाच माणसाच्या टेबलावर होती, पण एकीची वाट दुसरीकडे जाते हे त्यांच्या काळात कोणाच्या मनातही येण्यासारखे नव्हते. रेमाक यहुदी होते. प्रशियात यहुद्याला विद्यापीठात शिकवण्याची मुभा नव्हती आणि बाप्तिस्मा घ्यायला ते तयार नव्हते. १८४७ मध्ये, मोठमोठ्यांनी शब्द टाकल्यावर, त्यांना बर्लिन विद्यापीठात व्याख्याता म्हणून घेतले गेले. पूर्ण प्राध्यापकपद त्यांना अखेरपर्यंत मिळाले नाही. अल्पसंख्य समाजातल्या हुशार मुलाच्या वाट्याला काय येते, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

कारण सापडले, पण औषध सापडायला आणखी शंभर वर्षे लागली. मधल्या काळात जे झाले ते वाचताना आमच्या अंगावर काटा आला.

विसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात रेमों साबुरो हे गृहस्थ बुरशीचे मोठे जाणकार होते. डोक्यातली बुरशी केसांच्या मुळांत असते, म्हणून केस मुळासकट गळाले पाहिजेत. पूर्वी हे काम डांबरासारखा चिकट लेप लावून आणि ओढून होत असे. साबुरो यांनी १९०४ मध्ये क्ष-किरणांची रीत बसवली. मुलाच्या डोक्यावर ठरावीक वेळ किरण सोडायचे, दोन-तीन आठवड्यांत सगळे केस गळतात, बुरशी जाते, मग केस पुन्हा उगवतात. रडारड नाही, रक्त नाही. पुढची पन्नास वर्षे जगभर गरिबांच्या मुलांवर हाच उपचार झाला. त्यातले फार मोठे काम १९४८ ते १९६० या काळात इस्रायलमध्ये झाले. तिथे उत्तर आफ्रिका आणि मध्यपूर्वेतून आलेल्या यहुदी कुटुंबांच्या हजारो मुलांची डोकी क्ष-किरणांखाली धरली गेली. युरोपातून आलेल्या अधिकाऱ्यांच्या नजरेत ही अरबी बोलणारी मुले अस्वच्छ होती. खवडे हा त्याचा पुरावा मानला गेला.

किरण केसांपाशी थांबत नाहीत. १९७४ मध्ये बारुख मोदान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले की या मुलांच्या डोक्यात आणि मानेत गाठी जास्त होत आहेत. १९८८ मध्ये अशा १०,८३४ जणांचा हिशेब छापून आला. मेंदू आणि मज्जासंस्थेच्या गाठींचे प्रमाण, उपचार न झालेल्यांच्या तुलनेत, सुमारे सात पट. मेंदूच्या आवरणाच्या गाठी तर नऊ पटींहून अधिक. १९९४ मध्ये इस्रायलने या लोकांना भरपाई देणारा कायदा केला. कातडीवरच्या बुरशीने या मुलांच्या मेंदूला हात लावला नव्हता. तो हात औषधाने लावला, आणि त्यामागे तेच वाक्य होते: यांच्या घरात पाकी-सफाई नाही.

ग्रिसिओफल्विन हे द्रव्य १९३९ मध्येच एका बुरशीतून वेगळे केले गेले होते. पण ते पोटातून दिले तर दाद बरी होते, हे ग्लासगोच्या जेंटल्स यांनी १९५८ मध्ये गिनीपिगवर दाखवले. एका गोळीने क्ष-किरणांचे यंत्र बंद पाडले. आता हा प्रश्न सुटला, असे जगाला वाटले.

नेमक्या पुढच्या वर्षी, १९५९ मध्ये, अल्जीयर्सहून एक लेख आला. हदीदा आणि शूसबू या दोन डॉक्टरांनी तिथल्या वैद्यकीय मासिकात अशा रोग्यांचे वर्णन केले, ज्यांची दाद लहानपणी सुरू होते आणि कधीच जात नाही. ती अंगभर पसरते, नखे जाड होतात, मग कातडीखाली गाठी येतात, त्या फुटतात, काखेतल्या-जांघेतल्या ग्रंथी सुजतात. क्वचित ती मेंदूतही उतरते आणि रोगी दगावतो. बुरशी मात्र तीच, शाळेतल्या पोरांच्या डोक्यात असते ती. त्यांनी याला नुसते ‘दर्मातोफाइट रोग’ म्हटले, म्हणजे दादेच्या बुरशीचा रोग. वेगळे नाव द्यायला वेगळे कारण हवे, आणि ते त्यांच्याजवळ नव्हते.

१९५९ हे अल्जीरियाच्या स्वातंत्र्ययुद्धाचे पाचवे वर्ष. त्याच वर्षी फ्रांझ फॅनन यांचे अल्जीरियन क्रांतीवरचे पुस्तक निघाले. ते स्वतः १९५३ ते १९५६ या काळात ब्लिदाच्या रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर होते. त्या पुस्तकात वैद्यक आणि वसाहतवाद यांवर एक प्रकरण आहे. देशी माणूस फ्रेंच डॉक्टरला आपला आजार धड का सांगत नाही, याचा त्यात विचार आहे. ज्या राजवटीचा शिपाई गावात झडती घेतो, तिचाच डॉक्टर नाडी पाहतो. मग घरातल्या गोष्टी, कोणाचे कोणाशी लग्न झाले, कोणते मूल कशाने गेले, हे त्याच्यापुढे कोण उघडे करणार? आम्हाला वाटते, या रोगाचे गूढ इतकी वर्षे टिकले त्याचे अर्धे कारण इथे आहे. डॉक्टरांजवळ बुरशीचे नाव होते. खानदानाचा नकाशा नव्हता.

नंतरच्या दशकांत अशा रोग्यांची वर्णने अधूनमधून छापून येत राहिली. बहुतेक उत्तर आफ्रिकेतले, पुष्कळदा एकाच घरातले भाऊ-बहीण, आईबाप एकमेकांचे नातलग. या माणसांना एड्स नव्हता, कर्करोग नव्हता, मधुमेह नव्हता. बाकी सगळ्या आजारांना ते तुमच्या-आमच्यासारखेच तोंड देत. मग एका बुरशीपुढेच हार का?

उत्तर एका जनुकात होते. त्याचे नाव कार्ड-९. माणसाच्या नवव्या गुणसूत्रावर ते बसते. आपल्या पांढऱ्या पेशींच्या अंगावर काही खुणेची टोके असतात. ती बुरशीच्या भिंतीतले विशिष्ट साखरेचे द्रव्य ओळखतात. ओळख पटली की पेशीच्या आत निरोप जातो आणि मग कुमक मागवली जाते. तो निरोप पुढे नेणारा हरकारा म्हणजे कार्ड-९ जनुकापासून बनणारे प्रथिन. उंदरांतले त्याचे काम २००६ मध्ये कळले. २००९ मध्ये बोडो ग्रिमबाखर यांच्या गटाने इराणमधल्या एका मोठ्या खानदानाचा अभ्यास ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापला. पाच पिढ्या, नात्यातली लग्ने. चार जणांना वारंवार बुरशीचे आजार. आणखी तिघे किशोरवयातच गेलेले, त्यांतल्या दोघांच्या मेंदूत कँडिडा शिरली होती. कँडिडा म्हणजे तान्ह्या मुलाच्या तोंडात पांढरा थर आणते ती बुरशी. या घरातल्या रोग्यांत कार्ड-९च्या दोन्ही प्रती बिघडलेल्या होत्या.

२०१३ मध्ये अल्जीयर्सचे जुने कोडे सुटले. पॅरिसच्या फानी लांतेर्निए आणि झां-लोराँ काझानोवा यांच्या गटाने अल्जीरिया, ट्युनिशिया आणि मोरोक्को येथील आठ खानदानांतले सतरा रोगी तपासले. सतराच्या सतरा जणांत कार्ड-९च्या दोन्ही प्रती निकामी होत्या. अल्जीरिया आणि ट्युनिशियातल्या सात खानदानांचे पंधरा रोगी, एकमेकांशी कसलेही माहीत असलेले नाते नाही, पण चूक नेमकी एकाच जागी, प्रथिनाच्या २८९व्या मण्यावर. तिथे माळ ओवणे थांबते. आजूबाजूच्या खुणाही जुळत होत्या. म्हणजे फार मागे कोणीतरी एक पूर्वज, पुरुष किंवा स्त्री, ज्याच्यापासून ही चूक या सातही घरांत उतरत आली. त्या सतरांपैकी चौघे वारले होते, २८, २९, ३७ आणि ३९ व्या वर्षी. उरलेले तेरा ३७ ते ७५ या वयांचे होते.

बुरशी मेंदूकडेच का वळते, याचे उत्तर थोडे उशिरा मिळाले. अमेरिकेत बेथेस्डा येथे मिखाइल लिओनाकिस यांच्या प्रयोगशाळेतून २०१९ मध्ये छापून आले की मेंदूत राहणाऱ्या मायक्रोग्लिया नावाच्या पेशी बुरशी ओळखून न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींना रक्तातून आत बोलावतात, आणि हे बोलावणे कार्ड-९शिवाय जातच नाही. रक्तात फौज आहे, दारात शत्रू आहे, पण आतून हाक देणारा मुका आहे. इतर अवयवांजवळ हाक देण्याच्या दुसऱ्याही वाटा आहेत. मेंदूची भिस्त या एका वाटेवर जास्त आहे.

इथपर्यंत वाचल्यावर एखादा म्हणेल, पाहा, मुसलमानांचा रोग निघाला. तो घाईत बोलतो आहे. कॅनडाच्या क्विबेक प्रांतातल्या फ्रेंच बोलणाऱ्या ख्रिश्चन समाजात याच जनुकातली दुसरी चूक सापडली आहे आणि तिथल्या रोग्यांच्याही मेंदूत कँडिडा शिरली होती. फ्रान्सहून थोडी कुटुंबे आली आणि पिढ्यानपिढ्या आपसात लग्ने करत राहिली. सख्खे चुलत-मामे नाते नसले तरी खोलवर रक्त एकच. चीनमध्येही कार्ड-९ बिघडलेले रोगी सापडले आणि त्यांच्या कातडीत वेगळीच काळी बुरशी होती. जनुकाला कलमा येत नाही आणि गायत्रीमंत्रही येत नाही. त्याला एवढेच कळते की आईकडून आलेली प्रत आणि बापाकडून आलेली प्रत एकसारखीच बिघडलेली आहे की नाही.

पहारेकरी जन्मतः नसणे ही एक गोष्ट, चांगल्या पहारेकऱ्याला आपणच झोपवणे ही दुसरी. २०२१ चा उन्हाळा महाराष्ट्र विसरलेला नाही. कोरोनातून उठलेल्या माणसाचा गाल सुजायचा, डोळा काळा पडायचा. नाकातून शिरलेली म्युकर ही बुरशी टाळू आणि डोळ्यामार्गे मेंदूत चढायची. केंद्र सरकारने जून २०२१ च्या अखेरीस सांगितलेला देशाचा आकडा ४०,८४५ रोगी आणि ३,१२९ मृत्यू असा होता, आणि त्यांतले ३१,३४४ रोगी नाक-मेंदूच्या प्रकारातले. निम्म्याहून अधिक जणांनी स्टेरॉइड घेतलेले, जवळपास दोन तृतीयांश मधुमेही. ती बुरशी वेगळ्या कुळातली, तिचा रस्ताही कातडीचा नव्हता. पण साखर आणि स्टेरॉइड यांनी पहारा ढिला केला की काय होते, हे आपण डोळ्यांनी पाहिले.

तेच स्टेरॉइड आज दादेवर चोळले जाते. मेडिकलवाल्याकडे जायचे, “खाज आहे” म्हणायचे, तो एक ट्यूब देतो. तिच्यात बुरशीचे औषध असते, जंतूंचे असते आणि स्टेरॉइड असते. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र पसरते. गेल्या दहा-बारा वर्षांत भारतात जी हट्टी दाद पसरली आहे, नेहमीच्या टर्बिनाफिनच्या गोळ्यांना दाद न देणारी, तिच्या बुरशीला २०२० मध्ये जपानी संशोधकांनी ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए’ असे नाव दिले. नावात आपला देश आला. अनेक स्टेरॉइड मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम सरकारने २०१८ मध्ये केला आहे. तो आमच्या बाजारपेठेत कितपत पाळला जातो, हे वाचकांनी आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावर पाहावे.

आता नात्यातल्या लग्नांविषयी. हा विषय आमच्या बिरादरीत निघाला की दोन प्रकारचे लोक उठून उभे राहतात. एक म्हणतो, शरियतने जे हलाल केले त्यावर बोलणारे तुम्ही कोण? दुसरा म्हणतो, हा समाजच मागासलेला. आम्हाला दोघांशीही बोलायचे आहे.

सूरह निसामध्ये ज्या नात्यांत निकाह हराम आहे, त्यांची यादी आहे. चुलत, मामे, मावस आणि आते भावंडे तिच्यात नाहीत. ही मुभा आहे. हुकूम नाही. हजरत अली हे पैगंबरांचे (स.) चुलत भाऊ आणि त्यांचा निकाह हजरत फातिमांशी झाला, हे घराघरात माहीत आहे. पण इमाम ग़ज़ाली यांनी ‘इहया’मध्ये, निकाहच्या प्रकरणात, वधूत कोणते गुण पाहावेत ते सांगताना ती फार जवळच्या नात्यातली नसावी हाही एक गुण मोजला आहे, हे मात्र घराघरात माहीत नाही. त्यांनी आधारासाठी घेतलेली रिवायत मुहद्दिसांनी भक्कम मानली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मुद्दा इतकाच की हा विचार आपल्या परंपरेला परका नाही. नऊशे वर्षांपूर्वी त्यावर लिहिले गेले आहे.

दुसऱ्याला आम्ही इतकेच सांगू की मामाची मुलगी ही महाराष्ट्रात अनेक हिंदू जातींत हक्काची नवरी मानली गेली. इरावती कर्वे यांनी भारतातल्या नातेव्यवस्थेवरच्या १९५३ च्या ग्रंथात याची सविस्तर मांडणी केली आहे. दक्षिणेत तर मामा-भाचीचे लग्नही होते. चार्ल्स डार्विन यांनी १८३९ मध्ये, शोनलाइन यांनी बुरशी ओळखली त्याच साली, सख्ख्या मामेबहिणीशी लग्न केले आणि पुढे मुलांच्या आजारपणात ते मनात कुरतडत राहिले. १९०२ मध्ये आर्चिबाल्ड गॅरॉड यांनी एका दुर्मीळ आजाराच्या मुलांचे आईबाप पुष्कळदा भावंडे असल्याचे दाखवले, तीही इंग्रज कुटुंबेच होती. बिघडलेली प्रत लपून कशी राहते आणि दोन्हीकडून एकत्र कशी येते, हे जगाला त्या घरांमुळे कळू लागले.

आणि लोक अशी लग्ने का करतात? वेडेपणाने नव्हे. मुलगी खालाच्या घरात जाते, तिथे तिला कोणी जाळणार नाही असा भरवसा असतो. जहेज कमी लागते. वाटणीची जमीन तुकडे होऊन परक्याकडे जात नाही. बाप नसलेल्या मुलीला चाचा आपली सून करून घेतो. हे सगळे खरे आहे, आणि जनुकाचे गणितही खरे आहे. चुलत-मावस भावंडांत आठव्या हिश्श्याचे जनुक एकसारखे असतात. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहरात पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबांचा मोठा अभ्यास २०१३ मध्ये छापला गेला. जन्मजात दोषाचा धोका शंभरात सुमारे तीन असतो, सख्ख्या चुलत-मावस भावंडांच्या मुलांत तो सहाच्या आसपास जातो. म्हणजे धोका दुप्पट. आणि म्हणजेच शंभरातली चौऱ्याण्णव मुले धडधाकट. हे दोन्ही आकडे एका दमात सांगायला हवेत. पहिलाच सांगणारा घाबरवतो, दुसराच सांगणारा फसवतो. धोका खरा वाढतो तो एकाच खानदानात पिढ्यामागून पिढ्या हेच होत राहते तेव्हा, आणि घरात आधीच एखादे मूल न कळलेल्या आजाराने गेलेले असते तेव्हा. अशा घराने पुढचा रिश्ता जोडण्याआधी रक्त तपासून घेता येते. आज ती सोय मोठ्या शहरांत आहे.

अल्जीरियातल्या त्या घरांना पन्नास वर्षे काय काय ऐकावे लागले असेल, याची कल्पना आम्हाला आमच्या मोहल्ल्यावरून करता येते. सुनेच्या पायगुणाने झाले. करणी आहे. आंघोळ करत नाहीत. त्या घरातल्या मुलीला मागणी घालू नका. निदानामुळे हे रोगी रातोरात बरे झाले असे नाही. बुरशीची औषधे त्यांना वर्षानुवर्षे घ्यावी लागतात, कधी जन्मभर. क्विबेकमधल्या एका रोग्याची मेंदूतली कँडिडा, पांढऱ्या पेशींना उत्तेजन देणाऱ्या इंजेक्शनांनी पूर्ण आटोक्यात आली, हे २०१४ मध्ये छापून आले. पण निदानामुळे एक गोष्ट ताबडतोब झाली. दोष घराच्या झाडूवरून आणि सुनेच्या कपाळावरून उठला. त्यात आजीचा वाटा तितकाच, आजोबांचा तितकाच. आणि ज्या भावंडांना अजून काही झालेले नाही, त्यांची तपासणी वेळेवर करता येऊ लागली.

हे सगळे शक्य झाले ते त्या घरांनी रक्त दिले म्हणून, आणि त्याहून अवघड गोष्ट दिली म्हणून. त्यांनी आपला शजरा दिला. डॉक्टरांचा शजरा कसा असतो ते आम्ही पाहिले. पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ. आजारी असेल तर आत काळा रंग. मरण पावलेल्यावर तिरकी रेघ. नवरा-बायको जोडणारी रेघ साधी, पण ती दोघे रक्ताची असतील तर दुहेरी. त्या कागदावर डोळा फिरवला की बिघडलेली प्रत कोणत्या आजीकडून निघाली आणि दोन वाटांनी खाली येऊन कोणत्या पाळण्यात एकत्र आली, ते दिसते.

शजरा आमच्याही घरात आहे. आजोबांनी कातिबाकडून सुंदर नस्तालीकमध्ये लिहून घेतलेला, काचेत मढवलेला. सात पिढ्या आहेत. सगळे चौकोन आहेत. एकाही स्त्रीचे नाव नाही. दोन ठिकाणी नुसते ‘दुख्तर’ लिहिले आहे, म्हणजे मुलगी, आणि तिच्यापुढे काही नाही. कोणाची आई कोणाची बहीण होती हे त्यावरून कळण्याची सोयच नाही, आणि रोगाला तर नेमके तिथूनच यायचे असते. गेल्या रमजानच्या सुट्टीत आम्ही फूफीजानजवळ वही घेऊन बसलो. त्यांचे वय ऐंशीच्या पुढे. नावे त्यांना तोंडपाठ होती, कोण कोणाला दिली, कोण बाळंतपणात गेली, कोणाची दोन मुले लहानपणीच गेली आणि कशाने गेली ते कोणाला कळले नाही. चौथ्या पिढीपर्यंतची वर्तुळे भरली. दुहेरी रेघ पाच ठिकाणी ओढावी लागली. त्याच्या वरच्या तीन पिढ्यांतल्या बायकांची नावे फूफीजाननाही आठवली नाहीत. त्या म्हणाल्या, बार्शीकडे त्यांच्या मावशीची एक नात आहे, तिला विचारून पाहा.